डावीकडे फिडल, उजवीकडे पाय

१४ जानेवारी, मंगळवार

डावा कान गेला. परत यायचा नाही. डुलूथच्या डॉक्टरणीने काल सांगितलं, आज लिहून ठेवते.

नोव्हेंबरात एका सकाळी उठले तर कानात बोळा घातल्यासारखं. सर्दी, म्हटलं. थंडीत अर्ध्या हॅनकॉक गावाला दडे बसलेले असतात, मग मलाच काय धाड भरलीय? थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला, बोळा निघेना. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषध देऊन बघता आलं असतं," डॉक्टरीण म्हणाली. मी मान डोलावली. उजव्यातलंही कमी होतंय, त्यावर लक्ष ठेवायचं म्हणे. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते मी विचारलं नाही.

येताना रस्ताभर बर्फ. गाडी नीट चालवली. काही वाटलं नाही. घरी येऊन भांडी घासली. नवऱ्याला, डेलला, सांगितलं, डुलूथला लोकर आणायला गेले होते. लोकर आणायला विसरलेच — आणि त्याने विचारलंही नाही!

१५ जानेवारी

काल एक लिहायचं राहिलं. माझं काम आवाजाचं आहे. कोणाला हसायचं तर हसावं.

१९ जानेवारी, रविवार

चर्चनंतर कॉफीला नव्या पाद्र्यांची बायको भेटली. हसरी आहे. डावीकडे येऊन बसली, म्हणून पहिलं वाक्य हवेतच गेलं. मी वळून उजवा कान पुढे केला. "तुम्ही काय करता?" मी नेहमीचं उत्तर दिलं, पाठच झालंय.

आवाजाच्या फायली साठ तऱ्हेच्या असतात. कोणी रेकॉर्डर बनवतो, कोणी गाणी कापायचा प्रोग्रॅम, कोणी पक्ष्यांचे आवाज मोजतो. फायल उघडायची कशी आणि लिहायची कशी, हे दरवेळी प्रत्येकाने नव्याने कशाला लिहावं? मी ते एकदा लिहून ठेवलंय. टॅमरॅक नाव. मागच्या दारातल्या झाडावरून ठेवलं. कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं. फुकट. मोडलं की मला पत्र लिहावं, मी दुरुस्त करते. वीस वर्षांवर झाली.

"फुकट?" ती म्हणाली. "अगंबाई! मग मिळतं काय?"

"तक्रारी," मी म्हटलं. ती खूप हसली. तिचं हसणं मला एका बाजूनेच आलं.

२१ जानेवारी, मंगळवार

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकहून पत्र. डेल्फीन आर्सेनो म्हणून बाई, तिकडल्या फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांचं जुनं संगीत जपून ठेवणाऱ्या एका संग्रहात काम करते. घराघरांत जाऊन केलेली हजारो रेकॉर्डिंगं आहेत. जुन्या, आता मेलेल्या यंत्रांवरच्या फायली. सगळ्या नव्या तऱ्हेच्या करायच्या आहेत. त्यासाठी टॅमरॅक घ्यावं की कॅपलिन, हे ठरत नाही.

"सिल्वीबाई," तिने लिहिलंय, "तुम्ही आणि टिझार्ड एकमेकांच्या कोडवर इतकी वर्षं चारचौघांत भांडताय की एकमेकांच्या खोड्या तुमच्याइतक्या कोणालाच माहीत नसतील. तेव्हा तुम्ही दोघांनीही दोन्हींची तुलना लिहून द्या. मी वाचते आणि ठरवते."

हुशार बाई आहे.

कॅपलिन अँब्रोज टिझार्डचं. न्यूफाउंडलंडचा माणूस. भांडण एकच, दरवर्षी नव्या कपड्यांत. फायल मोडकी निघाली तर काय करायचं? मी म्हणते, जमेल तेवढी वाचा, बिचाऱ्या माणसाचं काम अडतं. तो म्हणतो, मोडकी आहे असं तोंडावर सांगा आणि तिथेच थांबा. एकदा त्याने जाहीर लिहिलं होतं, "कोस्केलाबाई दयाळू आहेत. दया हा फायलीचा प्रकार नाही." सगळे खिदळले. मी दोन दिवस धुमसत होते.

त्याला एकदाच पाहिलं, माँट्रियलच्या संमेलनात. कोणीतरी बोट दाखवलं — तो निळ्या स्वेटरवाला. कॉफीच्या रांगेत तो पुढे, मी मागे. म्हटलं, होऊन जाऊ दे ओळख. "मिस्टर टिझार्ड!" दोनदा हाक मारली, चांगली खणखणीत. ढुंकूनही बघितलं नाही. कप उचलला आणि चालता झाला. मीही त्याच दुपारी परतले. असल्या माणसाशी कोण बोलतंय!

२३ जानेवारी

तुलनेचं कसं करायचं यावर फोनवर बोलू या का, असं टिझार्डला लिहिलं. उत्तर लगेच — "फोन नको. लिहा." एवढंच. बदलला नाही.

२६ जानेवारी, रविवार

डेलने जेवायच्या टेबलावरची खुर्ची बदलली. लग्न झाल्यापासून माझ्या डावीकडे बसतो, आज ताट उचलून उजवीकडे.

"हे काय?"

"खिडकीतून झोत येतो तिकडे. मान धरली माझी."

काउंटीची बर्फ सारायची गाडी उघड्या काचेने चालवतो हा माणूस. मान धरली म्हणे! पण भांडायला उत्साह नव्हता. बटाटे खाल्ले.

हल्ली ओरडूनही बोलतो. माझ्यावर रागावलाय बहुतेक. रागावू दे.

३१ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. तुलना प्रामाणिकपणे लिहायची, शेवटी "कॅपलिन घ्या" म्हणायचं, आणि फेब्रुवारी संपताना टॅमरॅक बंद. तसं एक बटण असतं. दाबलं की कोड सगळ्यांना दिसतो, पण पुढे कोणी त्यात भर घालत नाही, कोणी तक्रार पाठवत नाही. झाकण लावल्यासारखं. कान गेलेल्या बाईने आवाजाचं काम करू नये. चुकलं तर कळायचंसुद्धा नाही.

ठरवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. वाट पाहिली. आलं नाही. मग गाजराचा केक केला, तो खाली चिकटला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तुलनेला बसले. दोन्हींना एकाच फायली वाचायला दिल्या, लिहायला लावल्या, बाहेर आलेले आकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. ध्वनी म्हणजे शेवटी आकडेच. वेग: कॅपलिन पुढे, थोडंसं. जुन्या यंत्रांच्या फायली: मी बऱ्याच जास्त वाचते. चूक दाखवणारे निरोप: त्याचे तुसडे, माझे गोड. कागदपत्रं: माझी बरी. त्याची म्हणजे दारावरची पाटी — आत या, पाय पुसा, बोलू नका.

माझ्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. एकही लाल नाही. पूर्वी असं झालं की उठून स्वतःला कॉफी करायचे. आज बसूनच राहिले.

५ फेब्रुवारी

उणे वीस. टॅमरॅकच्या फांद्या काचेसारख्या. वाजत असतील. डेल म्हणाला, वाजतायत.

१० फेब्रुवारी, सोमवार

डेल्फीनने नमुना म्हणून काही रेकॉर्डिंगं दोन्हींतून फिरवून पाहिली. त्यात तिच्या वडिलांचं एक आहे. अल्सीद आर्सेनो, फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचे. तिकडचे लोक खुर्चीत बसून वाजवतात आणि वाजवता वाजवता दोन्ही पायांनी फळीवर ठेका धरतात. बूटच त्यांचा ढोल. रेकॉर्ड करणाऱ्याने एक माईक फिडलपाशी ठेवला, एक पायांपाशी. सगळ्या संग्रहात हाच रिवाज — डावीकडे फिडल, उजवीकडे पाय. विद्यार्थी एक बाजू बंद करून नुसते पाय ऐकतात, शिकतात.

"सिल्वीबाई," तिचं पत्र, "कॅपलिनने बाबांची फायल उघडलीच नाही. सुरुवात जुळत नाही म्हणालं आणि थांबलं. तुमच्या टॅमरॅकने उघडली, मी तर उडीच मारली! पण बाबांचे पाय डावीकडे आलेत. मी पोर होते तेव्हा त्यांच्या उजव्या बुटाशेजारी जमिनीवर बसायचे. माझं चुकत नाही. तुम्ही ऐकून बघाल का?"

ऐकून बघाल का.

हेडफोन लावला. डावीकडे काहीच नाही, माझ्या डावीकडे कधीच काही नसतं. उजव्यात फिडल. म्हणजे? फिडल डावीकडे हवं. पण खरंच फिडलच आहे ना, की पलीकडचं झिरपतंय? एका कानाने कोणती बाजू कोणती हे कसं सांगायचं? हल्ली टेलिफोन वाजला तरी कुठल्या खोलीत ते कळत नाही.

मग सुचलं. हेडफोन काढला आणि उलटा घातला. डाव्याचं उजव्यावर. पहिल्यापासून लावलं.

पाय. टाक टक टाक टक, सरळ माझ्या चांगल्या कानात. म्हाताऱ्याचे बूट. मधेच खुर्ची करकरली आणि एक पोर खोकलं.

डेल्फीनचं चुकत नाही.

मी घाबरले. लिहून ठेवते, कारण नोव्हेंबरापासून पहिल्यांदाच खरंच काहीतरी वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. माझंच आहे. ख्रिसमसच्या आधी मी या जुन्या यंत्राच्या फायली वाचायची सोय केली, कोणीतरी मागितली होती म्हणून. फायलीत आकडे असे असतात — डावा, उजवा, डावा, उजवा, सांगून संपणार नाही इतके. हे यंत्र सुरुवातीला थोडी रिकामी जागा सोडतं. ती ओलांडताना मी एक आकडा जास्त गिळला. पहिलाच डावा गेला, की पुढे अख्खी रांग सरकते. उजवा डाव्याच्या जागी, डावा उजव्याच्या. एकही आवाज कमी होत नाही, नुसते सगळे जण चुकीच्या खुर्चीत बसतात.

चाचण्यांनी का नाही पकडलं? कारण माझ्या चाचणीच्या फायलींत दोन्ही बाजू सारख्याच आहेत. एकच आवाज डावीकडेही, उजवीकडेही. अदलाबदल झाली तरी काय दिसणार! वेगळ्या करायचं कधी मनातच आलं नाही. कारण शेवटी मी हेडफोन लावून ऐकायचेच. कानाला पटलं की पाठवून द्यायचे. ख्रिसमसच्या आधीही ऐकलं होतं. छान आहे म्हटलं होतं.

एका कानाने!

किती जणांनी तेव्हापासून टॅमरॅक घेतलंय, कोण कोण आपल्या फायली उलट्या करून बसलंय, कोणी मूळ फायली टाकूनही दिल्या असतील. सगळ्यांसाठी मोठ्या अक्षरांत सूचना लावली. दुरुस्ती केली. ती ओळभराची निघाली. लाज वाटली. तीही लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

ही सोय कोणी मागितली होती ते शोधून काढलं. एक गृहस्थ, पाणबदकांच्या हाका रेकॉर्ड करतात. त्यांना सरळ पत्र लिहिलं. उत्तर आलं: "काळजी करू नका, बदकं दोन्हीकडून सारखीच शिव्या देतात." बरा माणूस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज टिझार्डच्या चाचण्या उघडून पाहिल्या. तुलना लिहायचीय, तर बघायलाच हव्यात. इतकी वर्षं भांडले, पण त्या कधी उघडल्या नव्हत्या!

त्याच्या फायलींत आवाज म्हणावा असं काहीच नाही. डावीकडे आकडे चढत जातात, एक, दोन, तीन. उजवीकडे उतरत येतात. जिन्यावर दोन माणसं, एक वर चाललाय, एक खाली. कुठेही एक पायरी चुकली की लगेच दिसतं. प्लेअरमध्ये लावली तर कर्कश काहीतरी ऐकू येईल, पण त्याने ती लावायसाठी केलेलीच नाही.

टिपण एकाच ओळीचं. "बघून कळलं पाहिजे."

चिडले. मग चिडणं टिकेना. माणूस बरोबर आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सौना, वाफेची अंघोळ. डेलने लाकडं टाकली, मी दगडांवर पाणी मारलं. मी बाकाच्या उजव्या टोकाला बसले तर म्हणतो, "सरक. मला या बाजूला बसू दे."

"इथेही झोत येतो का?"

"सिल्वे," तो म्हणाला, "कसला झोत आलाय! आपल्या घरात फट उरलीय का एक तरी? मीच बुजवल्यात सगळ्या."

मी सरकले.

"थँक्सगिव्हिंगपासून बघतोय. डावीकडून बोललं की तू हसतेस नुसती. काय विचारलं ते न कळता. पावाला लोणी हवं का विचारलं, हसली. माझी आई गेली त्याचं वर्ष कधी ते विचारलं, हसली! म्हटलं, बाई बिथरली का काय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू लोकर आणायला डुलूथला गेलीस आणि हात हलवत आलीस. म्हटलं, सांगेल सांगायचं तेव्हा."

"आणि ओरडत काय होतास महिनाभर?"

"ऐकू यावं म्हणून गं! तुला काय वाटलं?"

"रागावलास असं वाटलं."

तो इतका मोठ्याने हसला की दोन्ही कानांना ऐकू आल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगितलं. उजव्याचंही. त्याने दगडांवर अजून पाणी मारलं. वाफेत तोंड दिसत नव्हतं त्याचं. बरंच झालं, माझंही दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "मग ते झाड बंद करणार तू?" टॅमरॅकला तो झाडच म्हणतो. "हो," म्हटलं. "तुझं तू बघ," म्हणाला, आणि टोपी माझ्या कानांवर ओढली.

१८ फेब्रुवारी

आज पुन्हा सगळं सपाट. कपडे धुतले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तुलना लिहून डेल्फीनला पाठवली. छोटीच झाली. टॅमरॅक जास्त फायली उघडतं. कॅपलिन कमी उघडतं, पण जे उघडतं ते बरोबर. तुमच्या वडिलांची फायल त्याने उघडली नाही, कारण त्याला खात्री नव्हती. मी उघडली, कारण मला दया आली, आणि पाय उलटीकडे गेले. कॅपलिन घ्या. सिल्वी कोस्केला.

नंतर पुन्हा वाचली. खरी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टिझार्डची तुलनाही डेल्फीनने मला पाठवली. "दोन्ही वाचून माझी पंचाईत झालीय," तिने वर लिहिलंय. "असे कसे हो तुम्ही भांडखोर?"

वाचायला घेतली ती दात-ओठ खात. त्याने लिहिलंय: "कॅपलिन बरोबर आहे, बाकी काही नाही. जुन्या यंत्रांबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं मी टॅमरॅक वाचून शिकलो. कोस्केलाबाईंच्या कोडमध्ये, प्रत्येक यंत्र बनवणाऱ्याने तसं का केलं असेल, याचा विचार असतो. त्यांच्या चाचण्या कच्च्या आहेत. त्या सुधारता येतात. तो विचार मला जमत नाही. टॅमरॅक घ्या."

टॅमरॅक घ्या!

टेबलाशी बसून होते. डेल आला, खांद्यावरून वाचलं त्याने. "हाच का तो, ढुंकून न बघणारा?"

"हाच."

"आता बघितलं की," म्हणाला, आणि बूट काढायला गेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी टिझार्डला सरळ लिहिलं. एवढं लिहून गेलाय तर त्याला खरं कारण कळायला हवं. डावा कान गेला, उजवा जातोय. ती अदलाबदल मला ऐकू आली नाही, पुढची आणखी कुठली येणार नाही. शुक्रवारी टॅमरॅक बंद करतेय. इतकी वर्षं ते वापरणारे लोक आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडवत नाही. जुन्या यंत्रांचा भाग तुम्ही कॅपलिनमध्ये घ्या, हवा तसा कापा, माझी हरकत नाही. एकदाच फोनवर बोललात तर सगळं समजावून सांगेन, उजव्या कानाने अजून जमतं. आवाजाच्या कामाला कान लागतो, मिस्टर टिझार्ड, आणि तो माझ्याकडे राहिला नाही.

पाठवलं. मग उठून स्वतःला कॉफी केली, पूर्वीसारखी. म्हणजे अजून मी आहे कुठेतरी.

२७ फेब्रुवारी

उत्तर नाही. बर्फ.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

टिझार्डचं पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"कोस्केलाबाई, चार वर्षांचा असताना तापात माझे दोन्ही कान गेले. आजवर एकही फायल ऐकलेली नाही, तुमचीही नाही, माझीही नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. इकडे सगळ्यांना माहीत आहे. टॅमरॅक मी घेणार नाही. बंद करायला दुसरं काही कारण असेल तर लिहा. चढत्या-उतरत्या फायली सोबत जोडल्यात, तुमच्या चाचण्यांत घाला. अँब्रोज."

बटण दाबलं नाही.

माँट्रियलला मी त्याला पाठीमागून हाक मारली होती.